यादृच्छिक मॅट्रिक्स : एकमेकींपासून अंतर राखणाऱ्या संख्यांचे संभाव्यताशास्त्र

युरेनियम-२३८ च्या अणुकेंद्रांवर मंद गतीचे न्यूट्रॉन सोडले, तर बहुतेक ऊर्जांना ते फारसे शोषले जात नाहीत; काही ठरावीक ऊर्जांपाशी मात्र शोषणाचे प्रमाण एकाएकी कितीतरी पटींनी वाढते. या ऊर्जांना अनुस्पंदने म्हणतात. शून्य कोनीय संवेग घेऊन येणाऱ्या न्यूट्रॉनांची पहिली अकरा अनुस्पंदने, इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककात, अशी आहेत : ६.७, २०.९, ३६.७, ६६.०, ८०.७, १०२.६, ११६.९, १४५.७, १६५.३, १८९.७ आणि २०८.५. लागोपाठच्या दोन संख्यांमधील अंतरे काढली, तर १४.२, १५.८, २९.३, १४.७, २१.९, १४.३, २८.८, १९.६, २४.४ आणि १८.८ अशी दहा अंतरे मिळतात. त्यांची सरासरी सुमारे २०.२ येते, आणि त्यांत कोणताही साधा क्रम दिसत नाही.

तरीही या अंतरांत एक गोष्ट लपलेली आहे. या ऊर्जांच्या जागा एकमेकींची दखल न घेता निव्वळ योगायोगाने पडल्या असत्या, तर सुमारे ३९ टक्के अंतरे सरासरीच्या निम्म्याहूनही लहान निघायला हवी होती, म्हणजे दहांपैकी चार. येथे तसे एकही अंतर नाही. दहा अंतरांवरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, हे खरे. पण पुढे अनेक मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रांची मिळून हजाराहून अधिक अंतरे तपासली गेली, आणि हक, पांडे व बोहिगास यांनी १९८२ साली केलेल्या विश्लेषणात हेच चित्र अतिशय नेमकेपणाने उमटले. या ऊर्जा एकमेकींच्या फार जवळ येण्याचे टाळतात. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना गणिताची जी शाखा उभी राहिली, ती यादृच्छिक मॅट्रिक्सची उपपत्ती होय.

मॅट्रिक्स म्हणजे ओळी आणि स्तंभ यांत मांडलेल्या संख्यांचा चौकोन, हे शाळेत शिकवले जाते. पण मॅट्रिक्स ही एक कृती आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे समजणे कठीण आहे. एखाद्या सदिशाला मॅट्रिक्सने गुणले की दुसरा सदिश मिळतो, आणि सामान्यतः त्याची लांबी व दिशा दोन्ही बदलतात. काही मोजक्या दिशा मात्र अशा असतात की त्या दिशेतील सदिश मूळ रेषेवरच राहतो आणि केवळ काही पटींनी ताणला किंवा आखडला जातो. त्या पटीला त्या मॅट्रिक्सचे आयगेन मूल्य म्हणतात. कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच संख्या असलेल्या, म्हणजे सममित, मॅट्रिक्सचा आकार १००० × १००० असेल, तर तिला अशी १००० आयगेन मूल्ये असतात, आणि ती सर्व वास्तव संख्या असतात. पुंज यामिकीनुसार कोणत्याही अणूच्या किंवा अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्या म्हणजे एका विशिष्ट मॅट्रिक्सची आयगेन मूल्येच असतात, आणि म्हणूनच हा विषय भौतिकशास्त्रज्ञांच्या दारी आला.

अडचण अशी होती की ती विशिष्ट मॅट्रिक्स कोणालाही लिहिता येत नव्हती. न्यूट्रॉन गिळल्यावर युरेनियमच्या अणुकेंद्रात २३९ कण असतात, ते एकमेकांवर अतिशय तीव्र बलांनी क्रिया करतात, आणि आत आलेला न्यूट्रॉन आपल्याबरोबर सुमारे ४८ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी बंधनऊर्जा मोकळी करतो. एवढ्या उंचीवर जेमतेम २० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या अंतराने दाटलेल्या पातळ्यांपैकी एकेकीचे स्थान गणिताने काढणे अशक्यप्राय आहे. हंगेरीत जन्मलेले आणि प्रिन्स्टन येथे काम करणारे यूजीन विग्नर यांनी १९५० च्या दशकात या कोंडीतून जो मार्ग काढला, तो मला विसाव्या शतकातील सर्वांत धाडसी कल्पनांपैकी एक वाटतो. खरी मॅट्रिक्स ठाऊक नाही, तर तिच्या जागी अशी मॅट्रिक्स घ्यावी की जिच्यातील संख्या यादृच्छिक आहेत, आणि एकेका पातळीचे स्थान विचारण्याऐवजी पातळ्यांच्या रचनेचे संख्याशास्त्र विचारावे. वायूतील प्रत्येक रेणूचा मार्ग न काढता दाब आणि तापमान यांचे नियम सांगणाऱ्या सांख्यिकीय यामिकीशी ही कल्पना मिळतीजुळती आहे. मात्र तेथे कणांच्या अवस्था यादृच्छिक मानल्या जातात, तर येथे खुद्द निसर्गाचे समीकरणच यादृच्छिक मानले गेले.

पातळ्या एकमेकींना दूर का ठेवतात, हे पाहण्यासाठी मोठी मॅट्रिक्स लागत नाही; दोन ओळी आणि दोन स्तंभ पुरेसे आहेत. पहिल्या ओळीत अ आणि ब, दुसऱ्या ओळीत ब आणि क अशा संख्या आहेत असे समजू. या मॅट्रिक्सच्या दोन आयगेन मूल्यांमधील अंतर √((अ − क)² + ४ब²) एवढे येते. उदाहरणार्थ, अ = ३, ब = २ आणि क = ० असेल, तर अंतर √(९ + १६) म्हणजे ५ येते, आणि आयगेन मूल्ये ४ व −१ असतात. हे अंतर शून्य होण्यासाठी काय घडावे लागेल? वर्गमुळाच्या आत दोन वर्गांची बेरीज आहे, आणि वर्ग कधीच ऋण नसतो. तेव्हा अ आणि क तंतोतंत समान असणे आणि ब शून्य असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतील. दोन स्वतंत्र योगायोग एकत्र जुळून यावे लागतात, आणि सगळे मर्म येथेच आहे.

हेच भूमितीच्या भाषेत सांगता येते. (अ − क) आणि २ब हे एका प्रतलावरील बिंदूचे दोन निर्देशक मानले, तर आयगेन मूल्यांमधील अंतर म्हणजे त्या बिंदूचे आरंभबिंदूपासूनचे अंतर होय. यादृच्छिकपणे पडलेला बिंदू आरंभबिंदूभोवतीच्या छोट्या वर्तुळात सापडण्याची संभाव्यता त्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात, म्हणजे त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्रिज्या निम्मी केली की संभाव्यता एक चतुर्थांश होते. संख्या परस्परांपासून स्वतंत्र असत्या, तर ती केवळ निम्मी झाली असती. म्हणजे पातळ्यांमध्ये कोणतेही प्रत्यक्ष बल नसताना, केवळ मोजणीच्या नियमातून अपसरण, म्हणजे एकमेकींना दूर ठेवण्याची प्रवृत्ती, निर्माण होते. या हिशोबातून विग्नर यांनी अंतरांच्या वितरणाचा जो वक्र मिळवला, तो त्यांनी १९५६ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात गॅटलिनबर्ग येथे भरलेल्या न्यूट्रॉनविषयक परिषदेत एक अंदाज म्हणून मांडला. त्यानुसार सरासरीच्या निम्म्याहून लहान अंतरे सुमारे १८ टक्केच असतात. आणि सरासरीच्या दुपटीहून मोठी अंतरे, जी स्वतंत्र संख्यांच्या बाबतीत साडेतेरा टक्के असती, ती येथे चार टक्क्यांच्या आसपास येतात. फार लहान अंतरे नाहीत, तशी फार मोठीही नाहीत. मोठ्या मॅट्रिक्ससाठीचे काटेकोर उत्तर मिशेल गोदँ यांनी १९६१ साली दिले, तेव्हा दोन ओळींच्या मॅट्रिक्सवरून बांधलेला विग्नर यांचा अंदाज त्या उत्तराच्या आश्चर्य वाटावे इतका जवळ असल्याचे दिसून आले.

फ्रीमन डायसन यांनी १९६२ साली या विचाराला पूर्णत्व दिले. मॅट्रिक्समधील ब ही संख्या वास्तव असेल, तर वर पाहिल्याप्रमाणे दोन योगायोग लागतात. पण चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या प्रणालीसाठी ब ही संमिश्र संख्या असते, तिला दोन भाग असतात, आणि ते दोन्ही शून्य व्हावे लागतात. म्हणजे एकूण तीन योगायोग लागतात आणि अपसरण अधिक तीव्र होते. तिसऱ्या एका प्रकारात, जेथे चार भागांच्या संख्या वापराव्या लागतात, तेथे पाच योगायोग लागतात. अंतर लहान होत जाईल तशी त्याची संभाव्यता-घनता पहिल्या प्रकारात त्या अंतराच्या पहिल्या घाताने, दुसऱ्यात दुसऱ्या घाताने आणि तिसऱ्यात चौथ्या घाताने घटते. निसर्गातील सममितीनुसार हे तीनच मूलभूत प्रकार संभवतात, हे डायसन यांनी दाखवले.

या पायाभरणीत एका भारतीयाचा वाटा फार मोठा आहे. राजस्थानात जन्मलेले मदनलाल मेहता हे काही काळ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि १९५८ च्या सुमारास ते फ्रान्समधील साक्ले येथे गेले. गोदँ यांच्याबरोबर त्यांनी लांबिक बहुपदींचे तंत्र या विषयात आणले, आणि त्यामुळे जे आकडेमोडीनेच हाती लागत होते ते सूत्रात बांधता आले. १९६७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ पुढची कित्येक दशके या विषयाचा प्रमाणग्रंथ राहिला.

कितीही मोठ्या मॅट्रिक्ससाठी, तिच्यातील संख्या प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वितरणातून योग्य प्रमाणात घेतलेल्या असतील, तर सर्व आयगेन मूल्यांची एकत्रित संभाव्यता एका सूत्रात लिहिता येते. त्या सूत्रात प्रत्येक दोन आयगेन मूल्यांच्या वजाबाकीचा गुणाकार येतो. आयगेन मूल्ये तीन असतील तर तीन वजाबाक्या, हजार असतील तर ४,९९,५०० वजाबाक्या. आणि यांपैकी एकही वजाबाकी शून्याजवळ गेली की सगळा गुणाकार शून्याजवळ जातो. हा गुणाकार विग्नर यांच्या आधीच कागदावर आला होता. जॉन विशार्ट यांनी १९२८ साली संख्याशास्त्रातील नमुन्यांवरून तयार होणाऱ्या यादृच्छिक मॅट्रिक्सचे वितरण काढले होते, आणि १९३९ साली रोनाल्ड फिशर, श्यू पाओ-लू आणि कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्रीय संस्थेतील समरेंद्रनाथ रॉय यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा मॅट्रिक्सच्या आयगेन मूल्यांचे एकत्रित वितरण सांगितले. म्हणजे अपसरणाचे सूत्र अणुकेंद्राच्या शोधात सापडण्याच्या पंधरा वर्षे आधीपासून, अनेक चलांच्या सांख्यिकीय चाचण्यांसाठी, उपलब्ध होते. हा इतिहास भौतिकशास्त्राच्या बाजूने सांगितला जातो तेव्हा हा भाग बहुधा गाळला जातो, याची मला खंत वाटते.

आता अंतरांकडून एकूण आकाराकडे वळू. १००० × १००० च्या सममित मॅट्रिक्समध्ये प्रत्येक जागी नाणे उडवून छाप आल्यास +१ आणि काटा आल्यास −१ लिहिले आहे, असे समजू; सममितीमुळे ५,००,५०० वेळा नाणे उडवावे लागेल. सर्व जागी +१ च असते, तर सर्वांत मोठे आयगेन मूल्य १००० आले असते आणि बाकीची ९९९ शून्य असती. पण धन आणि ऋण चिन्हे एकमेकांना खोडत असल्यामुळे प्रत्यक्षात सगळी आयगेन मूल्ये साधारणपणे −६३.२ आणि +६३.२ यांच्या दरम्यान राहतात, ६३.२ म्हणजे १००० च्या वर्गमुळाची दुप्पट. आणि या पट्ट्यात ती कशी पसरतात हे आलेखावर काढले, तर योग्य मोजपट्टी निवडल्यावर अर्धवर्तुळ मिळते. घंटेच्या आकाराचा वक्र मिळत नाही, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. विग्नर यांनी १९५५ आणि १९५८ सालच्या लेखांत सिद्ध केलेला हा अर्धवर्तुळाचा नियम आहे.

त्याची सिद्धता समजण्याजोगी आहे, आणि संभाव्यता येथे कशी काम करते हे तिच्यातून स्पष्ट होते. सर्व आयगेन मूल्यांच्या चौथ्या घातांची बेरीज हवी असेल, तर ती आयगेन मूल्ये न काढताही मिळते, कारण ती मॅट्रिक्सच्या चौथ्या घाताच्या कर्णावरील संख्यांच्या बेरजेएवढी असते. कर्णावरील प्रत्येक संख्या म्हणजे एका स्थानापासून निघून चार पावलांत त्याच स्थानी परतणाऱ्या सर्व मार्गांची बेरीज होय, आणि प्रत्येक मार्गासाठी त्यावरील चार यादृच्छिक संख्यांचा गुणाकार घ्यावा लागतो. एखादी संख्या त्या गुणाकारात एकदाच आली, तर तिच्या धन आणि ऋण शक्यता समान असल्यामुळे सरासरी शून्य होते. म्हणजे उरतात ते केवळ असे मार्ग की ज्यांत गेलेल्या वाटेनेच परत यावे लागते. चार पावलांत हे दोन तऱ्हांनी साधते : एकदा पुढे जाऊन परत यावे आणि मग दुसऱ्या बाजूला जाऊन परत यावे, किंवा सलग दोन पावले पुढे जाऊन त्याच वाटेने दोन पावले मागे यावे. म्हणून चौथ्या घाताची सरासरी, योग्य मापात, म्हणजे आयगेन मूल्ये १००० च्या वर्गमुळाने भागून घेतल्यावर, २ येते. सहा पावलांसाठी ही मोजणी ५ येते, आठ पावलांसाठी १४. आणि १, २, ५, १४ या कातालाँ संख्या बरोबर २ त्रिज्येच्या अर्धवर्तुळाच्या घातांच्या सरासऱ्या आहेत. प्रसामान्य वितरणात याच जागी १, ३, १५, १०५ येतात. तेथे जोड्या कशाही लावता येतात, येथे मात्र एकमेकींना छेद न देणाऱ्या जोड्याच चालतात; आणि हा एवढासा फरक दान व्होइकुलेस्कू यांनी उभ्या केलेल्या मुक्त संभाव्यता नावाच्या नव्या शास्त्राच्या केंद्रस्थानी आहे, ज्यात अर्धवर्तुळाला तेच स्थान आहे जे नेहमीच्या संभाव्यताशास्त्रात घंटाकृती वक्राला आहे.

या सिद्धतेत नाण्याला काही विशेष महत्त्व नव्हते. संख्यांची सरासरी शून्य आहे, प्रचरण (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) १ आहे आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, एवढेच वापरले गेले. नाण्याऐवजी फासा टाकून त्याचे आकडे याच मापात आणले, किंवा प्रसामान्य वितरणातून संख्या घेतल्या, तरी अर्धवर्तुळ तेच राहते.

अपसरणाचा परिणाम शेजारच्या दोन पातळ्यांपुरता थांबत नाही. तो दूरवर पोहोचतो, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट ती आहे. सरासरीने १०० पातळ्या मावतील एवढा एक पट्टा घ्या आणि त्यात प्रत्यक्षात किती पातळ्या आहेत ते मोजा. पातळ्या परस्परांपासून स्वतंत्र असत्या, तर ही संख्या १०० च्या मागेपुढे सुमारे १० ने हलली असती. ९० किंवा ११० आल्या तरी कोणाला नवल वाटले नसते. वास्तव सममित यादृच्छिक मॅट्रिक्ससाठी हेच विचलन जेमतेम १.२ एवढे असते. पट्टा दहापट मोठा केला, तर स्वतंत्र संख्यांचे विचलन तिपटीहून अधिक वाढते, तर येथे ते दीडपर्यंतही पोहोचत नाही, कारण त्याचा वर्ग पट्ट्याच्या लांबीच्या केवळ लॉगॅरिथमप्रमाणे वाढतो. पाच लाख वेळा नाणे उडवून जे काही निर्माण झाले, ते जवळजवळ मोजपट्टीवरील खुणांइतके शिस्तीत बसलेले आहे. यादृच्छिकता भरपूर ओतली म्हणजे परिणामही तेवढाच विस्कळीत होईल, ही आपली सहज समजूत येथे पूर्णपणे चुकीची ठरते.

पट्ट्याच्या टोकाला काय होते, हा प्रश्न अधिक अवघड होता. सर्वांत मोठे आयगेन मूल्य ६३.२ च्या जवळ असते हे खरे, पण प्रत्येक वेळी नव्याने नाणी उडवली तर ते किती हलते? क्रेग ट्रेसी आणि हॅरोल्ड विडम यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास याचे वितरण शोधून काढले. आपल्या नाण्यांच्या मॅट्रिक्ससाठी त्यावरून असे दिसते की सर्वांत मोठे आयगेन मूल्य साधारण ६२.९ च्या आसपास असते आणि त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप, सुमारे ०.४ असते. या वितरणाचा वक्र दोन्ही बाजूंना सारखा नाही. सर्वांत मोठे मूल्य नेहमीपेक्षा बरेच मोठे येण्यासाठी एकाच आयगेन मूल्याने गर्दीतून बाहेर सरकणे पुरते. पण ते नेहमीपेक्षा बरेच लहान येण्यासाठी त्याच्या मागे उभ्या असलेल्या सर्व मूल्यांना आत दाबावे लागते, आणि तीही एकमेकींना दूर ढकलत असतात. म्हणून डाव्या बाजूची संभाव्यता उजव्या बाजूपेक्षा खूपच वेगाने शून्याकडे जाते.

हा वक्र पुढे जेथे मॅट्रिक्सचा मागमूसही नाही अशा ठिकाणी सापडला. १ ते १०,००० हे आकडे पूर्णपणे पिसून एका ओळीत मांडले आणि त्यांतून, क्रम न बदलता, चढत जाणाऱ्या आकड्यांची जास्तीत जास्त लांब मालिका निवडली, तर तिची लांबी सरासरीने १९२ च्या जवळपास येते आणि प्रमाण विचलन चारच्या किंचित वर राहते. बाइक, डीफ्ट आणि योहान्सन यांनी १९९९ साली सिद्ध केले की या लांबीचे चढउतार ट्रेसी-विडम यांच्या वक्रानुसारच होतात. मेक्सिकोतील क्वेर्नावाका शहरातील बसगाड्यांची नोंद तर प्रसिद्धच आहे. तेथे मध्यवर्ती वेळापत्रक नव्हते, गाड्या चालकांच्या स्वतःच्या होत्या, आणि पुढची गाडी किती वेळापूर्वी गेली हे सांगण्यासाठी चालक वाटेवरच्या ठरावीक ठिकाणी माणसे नेमत; पुढची गाडी नुकतीच गेली असेल तर चालक वेग कमी करी, बराच वेळ झाला असेल तर वाढवी. क्रबालेक आणि शेबा यांनी २००० साली दाखवले की या गाड्यांमधील वेळेची अंतरे संमिश्र मॅट्रिक्सच्या आयगेन मूल्यांमधील अंतरांशी जुळतात.

मूळ संख्यांशी निगडित असलेल्या रीमान झीटा फलनाची शून्येही, म्हणजे ज्या ठिकाणी त्या फलनाचे मूल्य शून्य होते ती ठिकाणेही, याच नियमात बसतात. १९७२ साली प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत दुपारच्या चहाच्या वेळी भारतीय गणिती सर्वदमन चौला यांनी तरुण ह्यू मॉन्टगोमेरी यांची डायसन यांच्याशी ओळख करून दिली. मॉन्टगोमेरी यांनी शून्यांच्या जोड्यांमधील अंतरांविषयी आपण काढलेले सूत्र सांगताच, ते संमिश्र यादृच्छिक मॅट्रिक्सच्या आयगेन मूल्यांचे सूत्र असल्याचे डायसन यांनी ओळखले. पुढे अँड्र्यू ऑडलिझ्को यांनी एक लाख कोटींच्या आसपासच्या क्रमांकांची शून्ये संगणकावर काढून तपासली, तेव्हा दोन्ही आलेख एकमेकांवर बसले. यामागचे कारण सिद्ध झालेले नाही. मॅट्रिक्सच्या बाबतीत मात्र, तिच्यातील संख्यांचे वितरण कोणतेही असले तरी शेजारच्या अंतरांचे नियम तेच राहतात, हे लासलो एर्डोश, बेंजामिन श्लाइन व होर्न-त्झर याऊ यांनी, आणि वेगळ्या मार्गाने टेरेन्स टाओ व व्हान वू यांनी, २००९ नंतरच्या काही वर्षांत व्यापक प्रमाणावर सिद्ध केले.

व्यवहारात या उपपत्तीचा सर्वाधिक उपयोग जेथे होतो ते क्षेत्र विशार्ट यांचेच आहे. समजा, शेअर बाजारातील १०० कंपन्यांच्या भावांचे ४०० दिवसांचे चढउतार नोंदवले आणि त्यावरून कोणत्या कंपन्या एकमेकींबरोबर हलतात हे दाखवणारी सहसंबंधांची मॅट्रिक्स तयार केली. कंपन्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसेल, तर खऱ्या मॅट्रिक्सची सर्व आयगेन मूल्ये बरोबर १ असतील. पण हाती आलेल्या नोंदी मर्यादित असतात. खारकिव्हचे गणिती मार्चेन्को आणि पास्तुर यांनी १९६७ साली दिलेल्या नियमानुसार, नोंदींवरून काढलेली आयगेन मूल्ये (१ − √(१००/४००))² पासून (१ + √(१००/४००))² पर्यंत, म्हणजे ०.२५ पासून २.२५ पर्यंत पसरतील. संबंध मुळीच नसताना सर्वांत मोठे मूल्य सर्वांत लहानाच्या नऊपट दिसेल. ०.२५ च्या दिशेने गुंतवणूक केली तर जोखीम अत्यल्प राहील, असे ज्याला वाटेल त्याची फसगत होईल, कारण त्या दिशेची खरी जोखीम १ आहे, म्हणजे नोंदींत दिसते त्याच्या चौपट.

१९९९ साली लालू, सिझो, बूशो आणि पॉटर्स यांनी अमेरिकेतील एस अँड पी ५०० निर्देशांकातील ४०६ कंपन्यांच्या १९९१ ते १९९६ या काळातील भावांवर ही कसोटी लावली. सुमारे ९४ टक्के आयगेन मूल्ये अशा निव्वळ योगायोगाच्या पट्ट्यातच बसली. सर्वांत मोठे मूल्य मात्र त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाच्या सुमारे पंचवीसपट होते, आणि ते संपूर्ण बाजाराच्या एकत्रित हालचालीचे निदर्शक होते. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील भावांचा असाच अभ्यास चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील राज कुमार पान आणि सीताभ्र सिन्हा यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. येथे सगळा बाजार एकदम हलण्याची प्रवृत्ती प्रबळ दिसली, आणि एकेका उद्योगक्षेत्राच्या कंपन्यांचे वेगळे गट न्यूयॉर्कच्या तुलनेत फारच पुसट निघाले.

पट्ट्याच्या बाहेर पडलेले मूल्य खरे मानावे, हे उघड आहे. पण खरा संबंध अस्तित्वात असूनही तो पट्ट्याच्या आतच दडून राहू शकतो का, हा प्रश्न उरतो. बाइक, बेन आरूस आणि पेशे यांनी २००५ साली त्याचे नेमके उत्तर दिले. १०० कंपन्या आणि ४०० दिवस हेच उदाहरण घेतले, आणि एका दिशेचे खरे आयगेन मूल्य १ नसून ३ असेल, तर नोंदींत ते सुमारे ३.३८ म्हणून स्पष्टपणे वेगळे दिसते. खरे मूल्य २ असेल, तर नोंदींत २.५ दिसते, म्हणजे पट्ट्याच्या थोडेसे बाहेर. पण खरे मूल्य १.५ किंवा त्याहून कमी असेल, तर नोंदींतील सर्वांत मोठे मूल्य २.२५ पाशीच राहते, जणू काही संबंध नव्हताच, आणि त्याच्याशी जोडलेली दिशाही खऱ्या दिशेबद्दल काहीच सांगत नाही. येथे हळूहळू धूसर होत जाणे नसते, १.५ या उंबरठ्याच्या खाली संबंध आयगेन मूल्यांतून एकदमच अदृश्य होतो. उंबरठा १ + √(कंपन्या ÷ दिवस) एवढा असल्यामुळे त्यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे नोंदी वाढवणे : खरे मूल्य १.४ असेल, तर १०० कंपन्यांसाठी ६२५ दिवसांहून अधिक नोंदी जमल्यावरच ते पट्ट्यातून बाहेर डोकावू लागते.